विश्लेषण : कला शाखेचा दर्जा घसरला, म्हणजे नेमके काय घसरले?

बीएच्या पदवीला किंमत उरली नाही, हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. पण किंमत विषयाची गेली की शिकवण्याची? आणि ती परत आणायची तर सुरुवात कुठून करायची?

२०२३च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुपर्यायी न राहता वर्णनात्मक होणार, असे एमपीएससीने २०२२ मध्ये जाहीर केले होते. हा बदल पुढे ढकलावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली आणि नवी पद्धत २०२५पासून लागू करण्याचे ठरले. उमेदवारांची बाजू चुकीची नव्हती. गावाकडून येऊन, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरत ज्यांनी तीन-चार वर्षे पर्यायांचे गोळे काळे करण्याचा सराव केला, त्यांना एका वर्षात निबंध लिहायला सांगणे कठीणच होते.

पण त्या आंदोलनातून एक प्रश्न उभा राहिला आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. हे सगळे उमेदवार पदवीधर होते किंवा पदवीच्या उंबरठ्यावर होते. त्यांतले कितीतरी जण इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी हे विषय घेऊन शिकलेले. या विषयांच्या परीक्षेत तीन वर्षे लिहायचेच असते. मग तीन वर्षे लिहून पदवी मिळवलेल्या तरुणाला पुन्हा लिहायला शिकण्यासाठी वेगळा क्लास का लावावा लागतो? कला शाखेच्या दर्जाचा प्रश्न इथूनच समजून घ्यायला हवा.

हा प्रश्न किती जणांचा?

कला शाखा ओस पडली, असे म्हणण्याची पद्धत आहे. देशपातळीवरचे आकडे तसे सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. पदवी पातळीवर त्यांतले ३४.२ टक्के कला शाखेत होते. विज्ञान शाखेत १४.८ टक्के, वाणिज्य शाखेत १३.३ टक्के आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञानात ११.८ टक्के. म्हणजे पदवी घेणाऱ्या दर तिघांमागे एक जण कला शाखेचा आहे.

चर्चा मात्र उरलेल्या दोघांचीच होते. अभियांत्रिकीच्या जागा, वैद्यकीय प्रवेशाचे कटऑफ, कॅम्पस मुलाखतींतील पगार यांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. कला शाखेची बातमी होते ती निकाल रखडला तर. याचे एक कारण उघड आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयात जे शिकतात, त्यांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले अनेकदा ते पहिलेच असतात. मुलींचे प्रमाण मोठे असते. लांब पाठवणे परवडत नाही, विज्ञानाची शिकवणी परवडत नाही आणि गावाजवळचे कॉलेज एसटीने गाठता येते, म्हणून ही शाखा निवडली जाते. संस्थेलाही ती स्वस्त पडते. प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत, फळा आणि बाके पुरतात. ज्यांना आवाज नाही त्यांची शाखा, असे तिचे स्वरूप झाले आहे. म्हणूनच तिच्या दर्जाची उठाठेव कोणी करत नाही.

समाजाला या विषयांची गरज उरलेली नाही का?

असे म्हणावे तर आपले सार्वजनिक जीवन वेगळेच सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. राज्यभर पेढे वाटले गेले. हा दर्जा घोषणांनी मिळालेला नाही. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला होता. शिलालेख, प्राकृत ग्रंथ, भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे यांची मांडणी त्यात होती. शिलालेख वाचता येणे, महाराष्ट्री प्राकृत समजणे, ग्रंथाचा काळ ठरवणे ही कामे मानव्यविद्यांची आहेत. आज ती येणारी माणसे पुढच्या पिढीत कुठून येणार, हा प्रश्न पेढे वाटताना कोणी विचारला नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून वाद पेटला आणि २९ जूनला सरकारने त्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले. लहान मुलाला कोणत्या वयात किती भाषा शिकवाव्यात, हा भाषाविज्ञानाचा आणि शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. इतिहासातील एखाद्या नोंदीवरून, चित्रपटातील एखाद्या दृश्यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात. आरक्षणाच्या प्रत्येक वादात गॅझेटिअर आणि जुन्या नोंदींचे दाखले दिले जातात. राज्यातील सर्वांत तापणारे विषय इतिहास, भाषा, जात आणि समाज हेच आहेत. पण तेच विषय पदवीसाठी घेतलेल्या मुलाला आपण विचारतो, पुढे काय करणार? गरज संपलेली नाही. ज्या गोष्टीवरून भांडतो, ती नीट शिकण्याची तयारी मात्र संपली आहे.

मानव्यविद्यांमध्ये दर्जा म्हणजे काय?

विज्ञानात उत्तर बरोबर किंवा चूक असते, कला शाखेत काहीही लिहिले तरी चालते, हा समज खोलवर रुजलेला आहे. तो खोटा ठरवायला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे एकच काम पुरेसे आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील, वेगवेगळ्या लिप्यांतील हजारांहून अधिक हस्तलिखिते जमवून श्लोक न् श्लोक ताडून पाहिला गेला. कोणता पाठ का स्वीकारला, कोणता का नाकारला हे ठरवले आणि नाकारलेले पाठभेदही तळटीपांत नोंदवले, म्हणजे उद्या कोणाला निर्णय चुकीचा वाटला तर त्याला तो तपासता यावा. या कामाचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकून आले होते. गणिताची शिस्त त्यांना इथे सोडून द्यावी लागली नाही.

दर्जा म्हणतात तो हाच. आपण काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो आणि विरुद्ध पुरावा असेल तर त्याचे काय केले, हे दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहिणे. बीएच्या विद्यार्थ्याकडून महाभारताची आवृत्ती अपेक्षित नाही. पण आपल्या गावातील बाजार गेल्या ३० वर्षांत कसा बदलला, यावर १० माणसांशी बोलून, ग्रामपंचायतीचे दप्तर पाहून चार पाने लिहिणे त्याला यायला हवे. आणि ती चार पाने कोणीतरी वाचून, 'हे कशावरून?' असे समासात लिहून परत द्यायला हवीत. हे एका पदवीत १५-२० वेळा झाले, तर त्या पदवीला किंमत आहे. एकदाही झाले नाही, तर गुणपत्रिकेवर ७० टक्के असले तरी ती पोकळ आहे.

मग हे होणे बंद कसे झाले?

एका दिवसात झाले नाही. आधी मूळ पुस्तक बाजूला पडले आणि गाइड आले. मग गाइडही जाड वाटू लागले आणि अपेक्षित प्रश्नांची नोट्स आली. आता ती पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर फिरते. प्रश्नपत्रिका ठरावीक असेल, तर विद्यार्थ्याने ठरावीक उत्तर पाठ करणे हे त्याच्या बाजूने शहाणपणाचेच आहे. दोष त्याचा नाही.

दुसरीकडे उत्तरपत्रिकांचा डोंगर वाढत गेला. वर्षाची परीक्षा सत्रांत विभागली गेल्यावर परीक्षांची संख्या दुप्पट झाली, शिकवण्याचे दिवस घटले. एका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये संलग्न आणि त्या सर्वांचे मूल्यमापन एका ठिकाणी, ही रचना किती ताणली गेली आहे ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीशिवाय राबवला गेला. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी आणि पुढील प्रवेश हुकले आणि अखेर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. तेव्हा चर्चा तंत्रज्ञानाची आणि कंत्राटाची झाली. पण एवढ्या उत्तरपत्रिका इतक्या घाईत तपासताना त्या खरोखर वाचल्या जातात का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. पाने भरली की गुण मिळतात, हे विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक झाले आहे. आपले लिहिलेले कोणी वाचत नाही हे एकदा कळले, की माणूस विचार करून लिहिणे थांबवतो.

प्राध्यापक वाचत का नाहीत?

काही जण आळसामुळे वाचत नाहीत, हे खरेच. पण मोठे कारण हिशेबात आहे. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे सत्रात साधारण ६० तास शिकवणे. वर्गात ६० विद्यार्थी आहेत असे धरा. प्रत्येकाकडून सत्रात चार छोटे निबंध लिहून घेतले तर २४० निबंध झाले. एक निबंध नीट वाचून शेरा लिहायला २० मिनिटे लागतात. म्हणजे ८० तास. शिकवण्यापेक्षा वाचायला जास्त वेळ लागतो आणि हे फक्त एका विषयाचे झाले.

आता हे काम कोणावर आहे ते पाहा. राज्यातील कितीतरी महाविद्यालयांत रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या गेलेल्या नाहीत आणि विभाग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. नेट-सेट उत्तीर्ण, पीएचडी झालेली ही माणसे. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. सुटीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत आणि निबंध वाचण्याचे तर नाहीतच. ही व्यवस्था बोलण्याचे पैसे देते, वाचण्याचे देत नाही. दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तास घेऊन मोटारसायकलवर घरी परतणाऱ्या माणसाकडून ८० तासांच्या फुकट वाचनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ही मर्यादाच काढून टाकण्यात आली. नियम पाळता येत नसेल तर नियम काढून टाकायचा, असा हा मार्ग आहे.

दर्जा मोजण्याचे उपाय का फसले?

दर्जा घसरल्याची जाणीव सरकारला नव्हती असे नाही. २०१०च्या नियमावलीत प्राध्यापकांसाठी गुणांकन आले. किती शोधनिबंध, किती परिषदा, किती पुस्तके याला गुण आणि त्या गुणांवर बढती. पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापणे बंधनकारक झाले. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. मग केअर नावाची नवी यादी आली. २०२२ मध्ये पीएचडीसाठीची शोधनिबंधाची सक्ती गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ची. तिच्या श्रेणीसाठी महाविद्यालयांत फायलींचे ढीग उभे राहतात. आठ दिवस आधी भिंती रंगतात, ग्रंथालयातील पुस्तकांवरची धूळ झटकली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली.

या सगळ्या उपायांत एक समान दोष आहे. त्यांनी मोजता येईल ते मोजले. निबंध किती हे मोजले, निबंध कसा आहे हे कोणी पाहिले नाही. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका न वाचणारी व्यवस्था प्राध्यापकाचा शोधनिबंधही न वाचताच गुण देत होती. खाली होते तेच वर झाले.

नव्या धोरणाने फरक पडेल का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाले. तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची, चार वर्षांची १६० श्रेयांकांची. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि समाजातील प्रकल्प. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची वाट. कागदावर यातले बरेच काही स्वागतार्ह आहे. इतिहासाच्या मुलाने थोडे संख्याशास्त्र शिकावे आणि भौतिकशास्त्राच्या मुलीने मराठी कविता वाचावी, यात वाईट काय?

अडचण अशी, की प्रत्येक नवा प्रकल्प म्हणजे वाचायला आणखी एक वही. मार्गदर्शन करणारा पूर्णवेळ शिक्षक नसेल, तर हे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार होतील. आता तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही. मोबाइलवर विषय टाकला की एआय दोन मिनिटांत शुद्ध मराठीत दहा पाने लिहून देते. न वाचता गुण देणाऱ्या पद्धतीचा यापुढे पार बोजवारा उडेल. विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेईल आणि प्राध्यापक न वाचता सही करील. मग या दोघांच्या मध्ये शिक्षण कुठे राहिले?

दर्जाचा आग्रह म्हणजे वंचितांना अडवणे नव्हे का?

ही शंका गंभीर आहे आणि तिला इतिहास आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सांगितले होते, की सरकार रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण वाऱ्यावर सोडते. 'दर्जा' हा शब्द अनेकदा दार बंद करण्यासाठी वापरला गेला आहे. म्हणून पहिल्या पिढीतील मुलांना सहानुभूतीने पुढे ढकलावे, त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नये, असे अनेक भल्या प्राध्यापकांनाही वाटते.

पण ज्यांनी हे दार उघडले, त्यांनी तसे केले नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठही नव्हते. याच मिलिंद महाविद्यालयात पुढे गंगाधर पानतावणे शिकवत होते आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' उभे राहिले. खेड्यापाड्यांतून आलेले तरुण तिथे लिहू लागले, त्यांचे लेखन कोणीतरी गांभीर्याने वाचू लागले, त्यावर मेळाव्यांत वाद होऊ लागले. मराठी साहित्याची दिशा बदलून टाकणाऱ्या दलित साहित्याला असे घर मिळाले. ही कला महाविद्यालयाची ताकद आहे. त्या तरुणांना कोणी सवलतीचे गुण दिले नाहीत, त्यांच्या लिहिण्याला वाचक दिला.

सहानुभूतीने दिलेले गुण सर्वांत महाग पडतात ते गरिबालाच. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाला लिहायला घर शिकवते, इंग्रजी शाळा शिकवते, पुढे क्लास शिकवतो. बांधावरून आलेल्या मुलीला ते शिकवणारी एकच जागा आहे आणि ती म्हणजे तालुक्याचे कॉलेज. तिथे तिला शिकवले गेले नाही, तर तिची गुणपत्रिका स्पर्धेच्या पहिल्याच टप्प्यावर उघडी पडते. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत आता १७५० गुण लिहून मिळवायचे आहेत.

करता येण्यासारखे काय आहे?

पहिली गोष्ट, रिक्त जागा कायमस्वरूपी भरणे. तोवर निदान तासिका तत्त्वावरील मानधनात तपासणीच्या तासांचा समावेश करणे. दुसरी, प्रत्येक विषयात सत्राला दोन तरी निबंध वर्गात बसून, हाताने लिहून घेणे आणि शेऱ्यासह परत देणे. त्यावर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतली, तर एआयची धास्तीही बरीच कमी होते. तिसरी, प्रश्नपत्रिकेत दर वर्षी किमान एक प्रश्न असा ठेवणे, की ज्याचे उत्तर कोणत्याही नोट्समध्ये तयार नसेल. चौथी, महाविद्यालयाची तपासणी करायला येणाऱ्या समितीने फायली बाजूला ठेवून कोणत्याही २० विद्यार्थ्यांच्या वह्या मागवून वाचणे. यातल्या पहिल्या गोष्टीला पैसा लागतो आणि तो सरकारनेच द्यायला हवा. बाकीच्या तिन्हींना मुख्यतः इच्छा लागते.

पालकांनाही काही करता येईल. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, निकालाची टक्केवारी विचारतो. येत्या जूनमध्ये आणखी तीन प्रश्न विचारून पाहा. वर्षभरात मुलांकडून किती लिहून घेता? ते कोण तपासते? तपासलेली वही मुलांना परत मिळते का? ज्या कॉलेजला या प्रश्नांची सरळ उत्तरे देता येतील, तिथे मुलीला बिनधास्त आर्ट्स घेऊ द्या.